पिवळ्या दाराचं दुकान

ऑरिन स्टुसीला राग यायला कारण लागत नसे, पण त्या आठवड्यात त्याला कारणही मिळालं होतं. पहाटे दुधाचा टँकर सुरू करून त्याने फोन खाचेत बसवला, की पडद्यावर आधी एक पिवळं दार दिसायचं. ते दार त्याने कधीकाळी स्वतःच्या हाताने रंगवलं होतं. आता त्या दारामागे त्याची घटस्फोटित बायको मार्लिस पुस्तकं विकत बसायची, आणि ऑरिनची पक्की खात्री होती की रोज सकाळी ती तिथून डोकावून बघते, हा गडी आज काय ऐकतोय.

हे सगळे उपद्व्याप लेकीचे. शुक्रवारी संध्याकाळी लिंडन फॉल्समधलं झाडून सगळं गाव तळलेला मासा खायला एकाच खानावळीत जमतं. आदल्या शुक्रवारी लेक ग्रेटा मॅडिसनहून तिथे आली होती. बापाच्या ताटातले चीजचे खडे उचलता उचलता तिने त्याचा फोनही उचलला.

"बाबा, हे काय? तू पुस्तकं ऐकतोस? तू?"

"दऱ्यांमध्ये रेडिओ खरखरतो," ऑरिन म्हणाला. "काहीतरी बोलत राहिलं पाहिजे गाडीत. नाहीतर झोप लागते."

"ऐक की, खुशाल ऐक. पण पैसे कुणाला देतोस दर महिन्याला? त्या राक्षसी कंपनीला? जिने आईचं निम्मं गिऱ्हाईक पळवलं तिला?"

"तुझ्या आईचं गिऱ्हाईक तिच्या तोंडामुळे पळालं."

"तिच्या तोंडाचं मी बघते. तू तुझा खिसा बघ." ग्रेटाचं बोट पडद्यावर भराभर फिरायला लागलं. "हे घे. ते बंद केलं. आता हे दुसरं. पैसे तेवढेच, पुस्तकं तीच, आत्तापर्यंत ऐकलेलीही सगळी इकडे उतरवली. फरक एवढाच, की इथे आपण आपलं एक दुकान निवडायचं. तू देतोस त्यातला वाटा त्या दुकानाला जातो. निवडलं मी आईचं."

ऑरिनच्या घशात मासा अडकला. "काढ ते."

"नाही काढणार."

"ग्रेटा, मी शेवटचं सांगतोय. दुसरं कुठलंही टाक. अलास्कातलं टाक. तिचं काढ."

"इतकं झोंबतंय तर स्वतः काढ. फोनवर लिहिलंय सगळं, वाच आणि कर," असं म्हणून ती पोरगी कोबीची कोशिंबीर आणायला उठून गेली.

वाच आणि कर. इथेच तर सगळी मेख होती. ऑरिन स्टुसीला वाचता येत नव्हतं.

आकडे येत होते. टाकीत पट्टी बुडवून दूध किती ते तो एका नजरेत सांगायचा, गोठे ओळखायचा ते फाटकावरच्या नंबरांवरून. पण अक्षरं एकापुढे एक उभी राहिली, की त्याच्या डोळ्यांसमोर ती गोठ्यातून सुटलेल्या वासरांसारखी पळायला लागायची. शाळेत तो फुटबॉलला दणकट होता, म्हणून मास्तरांनी त्याला ढकलत ढकलत शेवटच्या वर्गापर्यंत नेलं. टँकरच्या परवान्याची परीक्षा कानात यंत्र लावून, ऐकून दिली. आणि लग्न झालं ते थेट पुस्तकवेडीशी. तिला कळलं कसं नाही, असं कुणी विचारेल. अहो, ज्या घरात भिंतीभर पुस्तकं असतात तिथे न वाचणारा नवरा आळशी वाटतो, उद्धट वाटतो. अडाणी आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. "चष्मा विसरलो", "तुझं अक्षर चांगलं, तूच भर तो कागद", "बघतो नंतर", एवढ्या तीन वाक्यांवर त्याने संसार रेटला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ उघडायची वेळ एकदाच आली होती, दुकान उघडलं त्या दिवशी. मार्लिसने एक नवीनच पद्धत काढली होती: एक पुस्तक हातोहात फिरवायचं, आणि दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाने त्यातलं एक पान मोठ्याने वाचायचं. दाराचा पिवळा रंग अजून ऑरिनच्या नखांत होता. त्याला न विचारता, सगळ्या गावासमोर, डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली होती, "पहिलं पान माझा नवरा वाचणार." ऑरिनने पुस्तकाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "दूध वाहणाऱ्याला असली थेरं परवडत नाहीत. रद्दी आहे ही सगळी." आणि निघून गेला. मार्लिसने पहिलं पान स्वतः वाचलं. तिचा आवाज कसा थरथरत होता ते गावाने त्याला पुढे कितीतरी दिवस ऐकवलं. घटस्फोट झाला तो नंतर. पण संसार त्या दिवशीच मोडला होता, कागद मागून आले.

तर आता त्याची भीती ही होती. पडद्यावर मार्लिसचं दार दिसतं, त्याखाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं. दुकान निवडलं आहे, म्हणजे दुकानाला सगळं कळत असणार. आणि कळू नये असं त्याच्याकडे खरंच काही होतं. तो वाटेल ते ऐकत नव्हता. जेवताना मार्लिस ज्या पुस्तकांबद्दल बोलत राहायची आणि तो ताटात मान घालून "हं, हं" करायचा, नेमकी तीच पुस्तकं तो एकेक करून ऐकत होता. नावं त्याला पाठ होती, आणि फोनला नाव तोंडी सांगितलं की पुस्तक लागायचं. नदीच्या दोन्ही काठांवरच्या सैनिकांची पत्रं पोचवणाऱ्या नावाड्याचं पुस्तक वाचून ती एकदा स्वयंपाकघरात रडत बसली होती, आणि तेव्हा हा म्हणाला होता, "मेलेल्या नावाड्यासाठी रडतेस, आणि बटाटे करपतायत ते?" परवा हॅलडरसनच्या गोठ्यावर टाकी भरत असताना तो नावाडी बुडाला, आणि ऑरिन टँकरच्या चाकाला टेकून असा रडला की हॅलडरसनचा कुत्रा येऊन त्याचे बूट चाटायला लागला.

हे मार्लिसला कळण्यापेक्षा त्याने जीव दिला असता.

आठवडाभर ते दार सोसल्यावर शनिवारी फेरी संपवून तो तसाच, दुधाच्या बुटांनिशी, दुकानावर गेला. त्याचा बेत साधा होता: आत जायचं, "माझं नाव काढ" म्हणायचं, बाहेर यायचं. एप्रिलचा शेवटचा शनिवार आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. त्या दिवशी देशभरातली असली छोटी दुकानं सण साजरा करतात, आणि मार्लिसकडे पुस्तक हातोहात फिरत असतं. पिवळं दार ढकलून तो आत शिरला, तर खुर्च्यांचं कडं करून माणसं बसलेली, आणि आपलं पान वाचून कुणीतरी पुढे केलेलं पुस्तक बरोबर त्याच्या हातात.

"वा! दारातून येईल त्याने वाचायचं," कडेच्या खुर्चीतून आवाज आला. त्या व्हिल्मा बाई. तिसरीत ऑरिनला शिकवायला होत्या. आता ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या, पण जिभेची धार तशीच होती. "आधी ते बूट पूस, ऑरिन. मग वाच."

पुस्तक विस्तवासारखं शेजारच्याच्या मांडीवर टाकून ऑरिन म्हणाला, "मी यासाठी आलो नाही."

"नाहीच येणार तू," गल्ल्यामागून मार्लिस म्हणाली. ती हसत नव्हती. "त्या दिवशीही असाच टाकून गेला होतास. आज काय विसरलंय तुझं इथे?"

"तुझ्याशी दोन शब्द बोलायचेत. बाजूला चल."

"बाजूला? त्या दिवशी रद्दी म्हणालास ते चारचौघांत म्हणालास ना? आता चारचौघांतच बोल."

लोक तोंडावर हात ठेवून बसले होते, पण कान टवकारले होते. ऑरिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने फोन काढून गल्ल्यावर आपटला.

"माझं नाव तुझ्या दुकानातून काढ. मी काय ऐकतो ते तू बघायचं नाही. ग्रेटाने परस्पर केलंय हे. मला तुझं दार रोज सकाळी नको."

मार्लिसने फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काय ऐकतोस तू?"

"तुला माहितेय."

"मला काय माहितेय?"

"ढोंग करू नकोस! सगळं दिसत असणार तुला. माझं नाव, पुस्तकं, कधी थांबवलं, कुठे..." तो 'रडलो' म्हणता म्हणता थांबला.

मार्लिस मोठ्याने हसली. कडवट हसणं होतं ते. "मला काहीही दिसत नाही, ऑरिन. महिन्याच्या शेवटी सगळ्यांचे मिळून पैसे येतात. कुणाचे, कशाचे, काही नाही. तू ऐकतोस हे तू आत्ता सांगितलंस तेव्हा मला कळलं. मला आणि सगळ्या गावाला."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. बिचारा आपल्याच पायाने चालत येऊन आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेऊन उभा होता. त्याने फोनवर झडप घातली, पण मार्लिसने तो आधीच उचलला होता.

"बघू तरी. रद्दीवाले साहेब काय ऐकतात," असं म्हणत तिने पडद्यावर बोट फिरवलं. पहिलं नाव तिने मोठ्याने वाचलं, चेष्टेच्या आवाजात. दुसरंही. तिसऱ्याला तिचा आवाज बारीक झाला. चौथं तिने मनातच वाचलं, आणि मग ती नुसतीच बघत राहिली. नावाडी सगळ्यात खाली होता.

"ही माझी पुस्तकं आहेत," ती म्हणाली.

ऑरिनने फोनसाठी हात पुढे केला.

"ही सगळी माझी पुस्तकं आहेत. जेवताना मी बोलायचे ती. सगळी!" तिचा चेहरा लाल झाला. कुणाला वाटेल ती विरघळली. छे! मार्लिस विरघळणारी बाई नव्हती. "म्हणजे तेव्हा ऐकत होतास? 'हं, हं' करत होतास तेव्हा ऐकत होतास? मग हसायचास का मला? माझ्यासमोर रद्दी, आणि माझ्यामागे टँकरमध्ये बसून... चोरा! हे तू माझ्यासोबत का नाही वाचलंस?"

"फोन दे."

"नाही देत. उत्तर दे."

"फोन दे, मार्लिस. आणि ते दार काढ."

"इतकी घाई? आणि एवढी कसली भीती होती तुला? इथे स्पष्ट लिहिलंय, माझ्या दाराखाली. लहान मुलालाही कळेल." तिने फोन उलटा फिरवून त्याच्या नाकासमोर धरला. "घे. वाच."

पिवळ्या दाराखाली अक्षरांची ओळ होती. ऑरिनने त्या ओळीकडे पाहिलं. वासरं सुटली. त्याने कपाळाचा घाम पुसला, खिसा चाचपला. चष्मा विसरलो, हे वाक्य ओठांवर आलं. मार्लिसला ते ओळखीचं होतं, त्याच्या हाताची ती हालचालही ओळखीची होती. आणि आत्ता, कितीतरी वर्षांनी, तिने ती हालचाल पहिल्यांदा नीट पाहिली असावी, कारण तिचा हात जरासा खाली आला.

"वाच," ती पुन्हा म्हणाली, पण हळू.

"येत नाही," ऑरिन म्हणाला.

"काय येत नाही?"

"वाचता. कधीच येत नव्हतं. झालं समाधान? बोलवा अजून लोकांना. रस्त्यावर लाऊडस्पीकर लावा."

व्हिल्मा बाई मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मला माहीत होतं. मला वाटलं, पुढच्या वर्गातल्या बाई बघतील."

"तुम्ही गप्प बसा, बाई," मार्लिस ताडकन म्हणाली. आजवर गावात असं कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. मग ती ऑरिनकडे वळली आणि तिचे डोळे भरून आले, पण ते दयेने नव्हे. असला संताप ऑरिनने तिच्या तोंडावर भांडणांतही कधी पाहिला नव्हता.

"मला वाटायचं तुला माझी किळस येते," ती म्हणाली. "माझ्या पुस्तकांची, माझ्या बोलण्याची, माझी. मी त्या दिवशी सगळ्या गावासमोर उभी होते, आणि वर्षानुवर्षं रात्री आढ्याकडे बघत विचार करत होते, माझ्यात असं काय आहे, की या माणसाला माझ्यासाठी एक पान वाचावंसं वाटलं नाही. एक पान! आणि तू म्हणतोस येत नव्हतं. मी शिकवलं असतं रे मेल्या. मी रात्रभर बसून वाचून दाखवलं असतं. तू फक्त एवढं सांगायचं होतंस."

"तू हसली असतीस."

"मी?"

"आत्ता हसलीस ना? पहिलं नाव वाचलंस तेव्हा?"

मार्लिस अजूनच बिथरली. "म्हणजे बायको गेली तरी चालेल, पण अब्रू राहिली पाहिजे?"

ऑरिनने क्षणभर खरोखर विचार केला. "हो," तो म्हणाला. "तेव्हा तसंच वाटलं."

"मग राहू दे तुझी अब्रू तुलाच," ती म्हणाली. "आणि ऐक, इथे काय लिहिलंय ते मीच वाचते. नीट ऐक. 'तुम्ही जे ऐकता ते तुमच्याशिवाय कुणालाही दिसत नाही. आम्हाला निवडलंत, आभार.' एवढंच लिहिलंय. एवढ्यासाठी तू मुलीशी भांडलास, इथे येऊन थयथयाट केलास." मग तिने त्याच्यासमोरच दाराच्या फोटोवर बोट दाबलं, फोटोंची लांबलचक रांग उघडली, दोन झटक्यांत ती खाली सरकवली आणि बघितलं न बघितल्यासारखं करून कुठल्यातरी फोटोवर बोट टेकवलं. "घे. काढलं. मला तुझे पैसे नकोत. निघ."

ऑरिन निघाला. दाराशी पोचल्यावर मागून व्हिल्मा बाईंचा आवाज आला, "ऑरिन..." पण त्याने पिवळं दार असं आपटलं की वरची घंटा तुटून खाली पडली.

रविवारीही गायी दूध देतात. सकाळी चीजच्या कारखान्याबाहेर टँकरांची रांग लागली होती. ऑरिनने फोन खाचेत बसवला. पडद्यावर समुद्र होता, आणि काठावर निळ्या छपराचं एक दुकान. त्याने ते आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. खाली तीच ओळ होती. म्हणजे तिने त्याला खरोखरच कुठल्यातरी लांबच्या किनाऱ्यावर नेऊन टाकलं होतं.

त्याला हेच तर हवं होतं. दार नको होतं, दार गेलं. आता कुणी बघत नव्हतं, बघितल्याचा भासही नव्हता. ऑरिनने नावाड्याचं पुस्तक लावलं, पहिलं वाक्य ऐकलं, आणि बंद केलं. निळ्या छपराकडे बघत तो स्वतःशीच एक शिवी पुटपुटला.

तिचं बोट कुठे कुठे गेलं ते त्याने काल पाहून ठेवलं होतं. आयुष्यभर तो असंच शिकत आला होता, दुसऱ्यांच्या हातांकडे बघून. त्याने निळ्या छपरावर बोट दाबलं. फोटोंची रांग उघडली. दुकानंच दुकानं. विटांची, लाकडाची, मांजर बसलेली, बर्फात बुडालेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या देशातली. दुकान तोंडी सांगून मिळत नव्हतं; नाव लिहून शोधायची जागा वर होती, ती त्याच्या कामाची नव्हती. तो एकेक फोटो वर सरकवत राहिला. लाल दारं आली, हिरवी आली. एक पिवळं आलं तेव्हा त्याचं बोट थांबलं, पण त्याची चौकट पांढरी होती, आणि आपण चौकटही पिवळीच रंगवली होती हे त्याला पक्कं आठवत होतं. मार्लिस तेव्हा ओरडली होती, "चौकट कशाला रंगवलीस, गाढवा," आणि मग म्हणाली होती, "असू दे, छान दिसतंय."

पुढचा टँकर आत गेला. ऑरिनची पाळी आली होती. मागच्याने भोंगा वाजवला. ऑरिन हलला नाही, त्याचं बोट सरकतच होतं. आणि मग ते दार आलं, चौकटीसकट पिवळं, एका कोपऱ्यात त्याच्याच ब्रशचा ओघळ वाळलेला.

त्याने त्यावर बोट टेकवलं. दार पडद्यावर मोठं झालं. मार्लिसला हे कधीच कळणार नव्हतं, तिनेच सांगितलं होतं तसं. दाराखाली ती ओळ उमटली. ती काय आहे हे त्याला आता माहीत होतं, तिच्या तोंडून, तिच्या त्या रागीट आवाजात. त्याने जाडजूड बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं आणि तिचा आवाज आठवत आठवत पुढे सरकवायला लागला. तुम्ही. जे. अक्षरं पळायला बघत होती, पण आवाज त्यांना धरून ठेवत होता. शेवटच्या शब्दापाशी बोट पोचलं तेव्हा मागच्या टँकरवाल्याने भोंग्यावरून हात काढायचंच बंद केलं होतं.

ऑरिनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"थांब की रे मेल्या," तो ओरडला. "वाचतोय मी!"